पाइप शाबूत, चावीवाला गैरहजर

“मामा, मला तुझा हात हवाय. उजवा. दोन तासांसाठी.”

भाचीचा हा फोन आला तेव्हा मी भांडुपच्या एका गल्लीत खड्ड्याच्या काठाशी उभा होतो आणि खाली आमचा फिटर गुडघाभर चिखलात गळती चाचपत होता. भाची परळच्या एका मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजीत एम.डी. करते. थीसिससाठी तिला पंचेचाळीस ते साठ वयाची, बीपी असलेली, पण हार्ट अटॅक किंवा लकवा न झालेली माणसं हवी होती. मी छप्पन्न वर्षांचा, बीपी नऊ वर्षांचं, अटॅक अजून नाही. नात्यातला माणूस चालतो का, हे तिने गाइडबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या चालेल, पण त्याची मापं तू घ्यायची नाहीस.

मी महापालिकेच्या जलखात्यात दुय्यम अभियंता. तेहेतीस वर्षं पाइप, व्हॉल्व्ह आणि दाब यांतच गेली. त्यामुळे बीपीबद्दल मला कोणी काही शिकवू नये, अशी माझी एक मिजास होती. हृदय म्हणजे पंप, रक्तवाहिन्या म्हणजे पाइप, कोलेस्टेरॉल म्हणजे आतून धरलेला गंज. संपलं. टेल्मिसार्टन चाळीसची गोळी आठवली की घ्यायची. आठवड्यातून पाचदा तरी आठवायची.

एकदा तर मी हिशोबही मांडला होता. बीपीचा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतो. माझा वरचा आकडा १६८. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणजे हा दाब पाण्यात मोजला तर सव्वादोन मीटर, जेमतेम साडेसात फूट. एवढ्या हेडवर, म्हणजे एवढ्या उंचीच्या दाबावर, आम्ही कोणाला पाणी दिलं, तर पहिल्या मजल्याच्या नळालाही धड चढणार नाही आणि दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसवर हंडा मोर्चा. असल्या दाबाने माणूस मरतो, हे मला मनातून कधी पटलंच नव्हतं. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने हे प्रत्यक्ष करून पाहिलं होतं, हे भाचीने नंतर सांगितलं. त्याने घोडीच्या धमनीला उभी काचेची नळी जोडली, आणि रक्त आठ फूट तीन इंच वर चढलं. १७३३ साली त्याने ते छापलं. घोडी आणि मी एका रांगेत, याचा मला थोडा अभिमानच वाटला.

चाचणीच्या आदल्या रात्री फोनवरून सूचना आल्या. नऊनंतर पाण्याशिवाय काही नाही. सकाळी चहा नाही, कॉफी नाही, जिना भराभरा चढायचा नाही, बीपीची गोळी चाचणी झाल्यावर. “आणि तंबाखू-बिंबाखू खात असशील तर तोही नाही,” असं ती सहज म्हणाली. मीही सहज “हो हो” म्हटलं. माझी मळलेली चिमूट घरात कोणालाच माहीत नाही, अशी माझी समजूत होती.

पहाटेची स्लो लोकल धरून परळला उतरलो. बिनचहाचा. पुलावरून खाली येताना टपरीवरच्या आल्याचा वास असा नाकात शिरला, की थीसिस गेला खड्ड्यात असं वाटलं.

संमतीपत्र मराठीत होतं, चार पानी. त्यात माझं नाव कुठेही येणार नाही, फक्त क्रमांक येईल, असं लिहिलं होतं. मी सतरा नंबर. माहिती भरून घ्यायला भाचीबरोबरचा एक मुलगा होता, लातूरकडचा, बोलायला मऊ. तंबाखू? मी दाराकडे पाहिलं. भाची बाहेर होती. “चुन्याबरोबर. दिवसातून पाच वेळा.” त्याने लिहून घेतलं. मग तो जरा घुटमळला आणि कागदाकडे बघत म्हणाला, “काका, ते… निळ्या गोळ्या वगैरे घेता का? सिल्डेनाफिल?” मी नाही म्हटल्यावर त्याने सुटकेचा श्वास टाकला. नंतर जिभेखाली जो स्प्रे मारणार होते, त्याच्यासोबत त्या गोळीचं जमत नाही, बीपी धाडकन पडतं. प्रश्न अगदी कामाचा होता, पण तो मामाला विचारायची वेळ भाचीवर आली नाही हे बरं झालं.

खोली लहान, थंड, अर्ध्या अंधाराची. आधी पंधरा मिनिटं नुसतं पडून राहायचं. मग तीनदा बीपी: १७०, १६८, १६६. खालचा अठ्ठ्याण्णवच्या आसपास. छातीला ईसीजीच्या तीन वायरी. उजवा हात बाजूला पसरून उशीवर, कोपराच्या खाली बीपीचा पट्टा, कोपराच्या वर जेली आणि सोनोग्राफीचा प्रोब. तो प्रोब हाताने धरत नाहीत, स्टँडला आवळतात, कारण पुढचा सगळा खेळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा.

पडद्यावर माझी धमनी आडवी दिसली. वर एक पांढरी रेघ, खाली एक पांढरी रेघ, मध्ये काळं. आमच्या ड्रॉइंगमध्ये पाइपलाइन अशीच काढतात. फरक इतकाच, की ही हलत होती. प्रत्येक ठोक्याला रेघा किंचित लांब जायच्या, परत जवळ यायच्या. मुलगा म्हणाला, “तीन पॉइंट नऊ मिलिमीटर.” त्यानंतर पट्टा फुगवला, थेट दोनशेवीसपर्यंत. पाच मिनिटं.

ही पाच मिनिटं मोठी चमत्कारिक असतात. पहिल्या मिनिटाला काही वाटत नाही. दुसऱ्याला बोटं जड होतात. तिसऱ्याला मुंग्या. चौथ्याला हात आपला राहत नाही, शेजारी कोणीतरी ठेवून गेल्यासारखा पडून असतो, पांढुरका, थोडा निळसर. मग फस्सकन हवा सोडतात, आणि दंडापासून नखापर्यंत गरम रक्ताचा लोंढा सुटतो. खरं माप आता. पुढच्या मिनिट-दीड मिनिटात धमनी किती रुंद होते ते बघायचं.

आणि नेमका तेव्हा माझ्या खिशातला मोबाइल थरथरला.

बंद ठेवा म्हणून सांगितलं होतं. मी नुसता आवाज बंद केला होता. खात्यातल्या माणसाला फोन बंद ठेवणं जमत नाही. हात गचकला, रेघा पडद्यावरून नाहीशा झाल्या, आणि त्या मुलाचा चेहरा असा झाला की माझीच मान खाली गेली. बाहेर येऊन फोन लावला तर आमचा चावीवाला: “सायब, चावी जाम झालीय, फिरतच नाय.” त्याला काय करायचं ते सांगितलं, फोन भाचीच्या ताब्यात दिला आणि अर्धा तास भिंतीकडे बघत बसलो. पुन्हा पहिल्यापासून.

चावीवाला कोण, हे मुंबईबाहेरच्यांना सांगायला हवं. इथे चोवीस तास पाणी नसतं. ठरलेल्या वेळी ठरलेल्या गल्लीला ते सोडायचं, तर रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो आणि त्यात लांब दांड्याची चावी घालून फिरवणारा माणूस असतो. कुठल्या गल्लीत लग्न आहे, कुठे पाणी चढत नाही, सगळं त्याच्या डोक्यात. तो नसला तर तलाव भरलेले असून उपयोग नाही.

दुसऱ्या खेपेला माप नीट मिळालं. ३.९ची धमनी ४.०२ झाली. वाढ ३.१ टक्के. निरोगी तरुण माणसात ती पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास होते. थोड्या वेळाने जिभेखाली नायट्रोग्लिसरिनचा स्प्रे मारला, आणि तीच धमनी चार मिनिटांत ४.४५ झाली, म्हणजे चौदा टक्के. डोकं मात्र असं ठणकायला लागलं की विचारू नका. त्या स्प्रेचं ते नेहमीचं आहे म्हणे.

या दोन आकड्यांनी माझी तेहेतीस वर्षांची मिजास उतरवली. मी भाचीला म्हटलं, “अगं, प्रवाह वाढला म्हणून पाइप स्वतःहून रुंद झालेला मी आयुष्यात पाहिला नाही. सहा इंची पाइप सहा इंचीच राहतो.”

“म्हणूनच तो पाइप नाही, मामा,” ती म्हणाली.

धमनीच्या आतल्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. एन्डोथेलियम. मी समजत होतो ते म्हणजे आपला आतला रंग, गंज लागू नये म्हणून. पण हे अस्तर वाहतं रक्त आपल्याला किती घासतंय हे ओळखतं, आणि घासणं वाढलं की नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. बाहेरच्या थरातल्या स्नायूला तो निरोप पोचला की स्नायू सैल पडतो, वाट रुंद होते. पट्टा सोडल्यावरचा लोंढा म्हणजे अस्तराला मुद्दाम दिलेली हाक. माझ्या अस्तराने ‘ओ’ दिली, पण तोंडातल्या तोंडात. स्प्रेमध्ये मात्र तो निरोप बाहेरूनच दिला जातो, अस्तराला वगळून. नायट्रोग्लिसरिनपासून शरीरात तेच नायट्रिक ऑक्साइड बनतं. त्यावर स्नायू व्यवस्थित सैल झाला. म्हणजे स्नायू ठीक, बिघाड अस्तरात. “पाइप शाबूत, चावीवाला गैरहजर,” मी म्हटलं. तिने ते वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

अस्तराचं हे काम कळलं तेही एका चुकीतून. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करायचे. एकच औषध कधी पट्टी आवळायचं, कधी सैल करायचं. शेवटी लक्षात आलं, की पट्टी कापताना आतली बाजू खरवडली गेली की ती सैल होत नाही. हे १९८० साली छापून आलं आणि १९९८ साली त्यांना, लुइस इग्नारो आणि फरीद मुराद यांच्याबरोबर नोबेल मिळालं. ज्याच्या नावाचं पारितोषिक, त्या आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरिनचाच डायनामाइट केला आणि म्हातारपणी त्याच्या छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी तेच लिहून दिलं. माझ्या हातावर झालेली चाचणी डेव्हिड सेलेरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडली.

त्याच दिवशी आणखी एक माप घेतलं: मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवर सेन्सर ठेवून, ठोक्याची लाट इथून तिथे किती वेगाने जाते ते. इथे मी एकदम घरी आल्यासारखा झालो. व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाइपात दाबाची लाट उलटी धावते. आम्ही त्याला वॉटर हॅमर म्हणतो. आमचे जुने मुकादम सांगायचे, चावी सावकाश फिरव, नाहीतर पाइप लाथ मारतो. लोखंडी पाइपात ती लाट सेकंदाला हजार मीटरच्या वर पळते, लवचिक नळीत खूपच कमी. भिंत जितकी कडक तितकी लाट वेगवान, याचं १८७८ सालचं कोर्टेवेगचं सूत्र आम्ही वॉटर हॅमरसाठी वापरतो, आणि हे डॉक्टर लोक धमनीसाठी! माझी लाट सेकंदाला ११.२ मीटर. दहाच्या वर गेली की महाधमनी कडक झाली असं धरतात. कडक झाली की लाट पुढे आपटून लवकर परत येते आणि हृदय रक्त ढकलत असतानाच समोरून येऊन धडकते. हे मला कोणी समजावावं लागलं नाही. लाथ खाल्लेले जॉइंट मी स्वतः बदललेत.

गाइडबाईंनी एक गोष्ट मात्र बजावली. दंडाची ती चाचणी संशोधनासाठी आहे. एकट्या माणसाचं औषध त्यावरून ठरवत नाहीत, आणि पैसे देऊन करून घ्यायला कुठे जाऊ नका. “पण तुमचं तीन वेळा मोजलेलं बीपी हे संशोधन नाही. त्याकडे आजच बघायला हवं.” त्यांनी चिठ्ठी दिली: चोवीस तासांचं बीपी आणि लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन.

चोवीस तासांच्या मशीनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो एक नुसता छळ आहे. कमरेला डबी, दंडाला पट्टा, दिवसा दर वीस मिनिटांनी, रात्री दर अर्ध्या तासाने तो फुगतो. लोकलच्या दारात उभा असताना फुगला, तेव्हा शेजारचा माणूस डबीकडे बघत दोन पावलं मागे सरकला. भांडुपच्या गर्दीत दोन पावलं मागे सरकायला जागा मिळते, हे मला नव्यानेच कळलं. रात्री बायको तिसऱ्यांदा जागी झाल्यावर म्हणाली, “अहो, हे यंत्र घेऊन तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा.”

रिपोर्ट: दिवसाची सरासरी १४८/९२, रात्रीची १४४/८८. दिवसाच्या आकड्यावर मी खूश होतो, १६८ पेक्षा वीसने कमी. आमचे फॅमिली डॉक्टर रात्रीच्या आकड्यावर पेन टेकवून बसले. झोपेत दाब निदान दहा टक्के उतरायला हवा. माझा तीनही नाही. मेन लाइनमध्ये रात्री मागणी घटली की दाब वाढतो आणि पाइप बहुधा रात्रीच फुटतात, हे मी सवयीने सांगून टाकलं. ते म्हणाले, “शरीरात उलटं असायला हवं. अस्तराला तेवढीच विश्रांती. तुमच्या अस्तराला सुट्टीच नाही.” लघवीतलं अल्ब्युमिन बेचाळीस आलं, तीसच्या आत हवं. मूत्रपिंडाच्या बारीक चाळणीलाही तेच अस्तर असतं, आणि ते गळायला लागलं की प्रथिन झिरपतं. गळती! हा एक शब्द त्यांनी आधी वापरला असता, तर मी नऊ वर्षं गोळ्या चुकवल्या नसत्या.

वरचा आकडा वीसने वाढला की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण्याचा धोका जवळपास दुप्पट, आणि हे गणित ११५ पासूनच सुरू होतं, हेही त्यांनी सांगितलं. दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून २००२ साली ते मांडलं गेलं. चाळीस ते सत्तर वयासाठी आहे म्हणे. मी मनात ११५, १३५, १५५ असे टप्पे मोजले आणि मोजणं थांबवलं.

टेल्मिसार्टनला बीपीच्या दुसऱ्या गोळीची, अॅम्लोडिपिनची, जोड मिळाली, घोटे थोडे सुजले, मग अॅम्लोडिपिन अर्धी झाली. घोरण्याचीही तपासणी करून घ्या म्हणाले, ती अजून व्हायची आहे.

खरा तंटा झाला मिठावरून. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. मी खात्यातल्या सवयीने दरडोई हिशोब काढला. घरात माणसं तीन, एक किलोची पिशवी पंचवीस दिवस पुरते, म्हणजे माणशी तेरा ग्रॅम. पापड, लोणचं आणि सुके बोंबील वेगळे, ते मीटरबाहेरचं कनेक्शन. बायको म्हणाली, “त्यातलं निम्मं मासे धुवायला जातं, ते कोणी मोजायचं?” मी म्हटलं, ते गळतीत धरू. “गळतीत तुम्हीच धरा,” म्हणून तिने मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली, आणि मग त्याच फळीवरच्या डब्यामागून एक प्लास्टिकची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. चुन्याची डबीही. “हे पण मोजा.”

भाचीने सांगितलं असं मला वाटलं. तिला फोन केला तर ती चिडली. “मामा, सतरा नंबरची माहिती मी कोणालाही सांगू शकत नाही. मामीला सहा वर्षांपासून माहीत आहे. खिसे कोण तपासतं धुण्याआधी?”

तंबाखू सुटायला सात आठवडे लागले, मध्ये दोनदा घसरलो. पहिल्यांदा एका फुटलेल्या मेन लाइनच्या रात्री, दुसऱ्यांदा उगाच. सकाळचं बीपी आता घरच्या मशीनवर मोजून वहीत लिहितो, आमच्या लॉगबुकसारखं: तारीख, वेळ, दोन आकडे, शेरा. गेल्या महिन्याची सरासरी १३२/८४. शेऱ्याच्या रकान्यात बायको कधीकधी परस्पर लिहिते: ‘काल वडापाव’.

मला ते ३.१ पुन्हा मोजून हवं होतं. दुरुस्ती केल्यावर दाब न तपासता खड्डा बुजवणारा इंजिनीअर मी नाही. भाचीने साफ नाही म्हटलं. थीसिसमध्ये प्रत्येकाची चाचणी एकदाच, आणि एकाच माणसात आज आणि उद्या त्या आकड्यात दीड-दोन टक्क्यांचा फरक सहज पडतो. “तुझं ४.५ आलं तर तू पेढे वाटशील आणि मला ते खोटं पाडावं लागेल.”

मागच्या रविवारी ती थीसिस घेऊन घरी आली, काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा. एका पानावर आलेख होता. आडव्या रेघेवर वरचं बीपी, उभ्या रेघेवर धमनी किती टक्के रुंद झाली ते, आणि साठ माणसांचे साठ ठिपके, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेले. मी चष्मा लावला, १६८ वरून एक बोट वर नेलं, ३.१ वरून दुसरं आडवं आणलं. दोन्ही बोटं जिथे भेटली तिथे दोन ठिपके होते, एकमेकांना चिकटून.

“यातला माझा कोणता?”

“सांगता येत नाही.”

“आणि दुसरा कोणाचा?”

तिने पान उलटलं आणि मामीला चहाबद्दल विचारायला आत गेली.